उत्तरकाठची डोळसुजी

आपल्या काठावरची पाखरं ठणठणीत आहेत, याचं मास्तरांना अलीकडे फार दुःख होत असे.

सकाळी ते तळ्याकाठच्या बोरूच्या रानात बारीक जाळी लावत. पाखरू अडकलं की हलक्या हातानं सोडवत, नाडीच्या कापडी पिशवीत घालून खोपटात आणत, पायात आकडा कोरलेली इवलीशी कडी घालत, पंख मोजत, चोचीत काडी फिरवून स्वॅब घेत आणि मग चष्मा कपाळावर सरकवून पाखराच्या डोळ्यात बघत. डोळा स्वच्छ. काळाभोर, टपोरा, आरोग्यानं नुसता उतू चाललेला. मास्तर पाखरू फिरवून दुसरा डोळा बघत. तोही तसलाच. मग "जा" म्हणून सोडून देत. पण त्या 'जा'मध्ये नापास पोराच्या हातात प्रगतिपुस्तक देतानाचा सूर असे.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मास्तर सुखी होते, कारण पूर्वी दक्षिण काठ नव्हता. म्हणजे काठ होता, भूगोलाच्या शिक्षकाला तो नाकारता येत नाही. पण तिथे कुणी जाळं लावत नव्हतं. पाखरं कुठून येतात, कुठे जातात, किती वर्षं जगतात हे कळावं म्हणून कडी घालायचं काम उत्तर काठावर मास्तर एकटे करत. शाळा सांभाळून करत होते, निवृत्त झाल्यावरही करत राहिले. मग त्यांचा एक जुना विद्यार्थी दंतवैद्य होऊन गावात परतला, एक दिवस कुतूहलानं खोपटात डोकावला, आणि मास्तरांनी हौसेनं त्याला सगळं शिकवलं. तिथेच चुकलं. शिकवलं की माणूस शिकतो, हा धोका मास्तरांनी शाळेत कधी अनुभवला नव्हता.

दंतवैद्यानं दक्षिण काठावर स्वतःचं खोपट उभं केलं. त्याची बोटं नाजूक कामाला सरावलेली. जाळ्यात गुंतलेलं पाखरू मास्तर अजून कुठल्या बाजूनं सोडवावं याचा विचार करताहेत, तोवर त्याचं पिशवीत गेलेलं असे. तेव्हापासून मास्तर त्याला पाण्यात पाहत. मध्ये तळंच असल्यामुळे ते सोयीचंही पडे.

हेही मास्तरांनी पचवलं असतं. पण दंतवैद्याला रोग सापडला.

झालं असं, की त्याच्या जाळ्यात एक वटवट्या आला. बोरूत राहून दिवसभर कटकट करणारं हे चिमुकलं पाखरू. सवयीप्रमाणे दंतवैद्यानं आधी त्याची चोच उघडून बघितली. आत दात नव्हते, पण त्याबद्दल पाखराची काही तक्रार दिसली नाही. मग त्यानं वर बघितलं, तर एक डोळा सुजून बंद झालेला आणि कडेला पू. त्यानं स्वॅब प्रयोगशाळेत पाठवला. तिथल्या बाईंनी सांगितलं, की हा जंतू आजवर खुराड्यातल्या कोंबड्यांत दिसायचा, आता रानातल्या पाखरांत उतरलाय. पाखरं आंधळी होतात आणि उपाशी मरतात. रोग नवा आहे, डोळा ठेवायला हवा. आणि आपल्या निबंधात त्यांनी त्याला नाव दिलं : दक्षिणकाठची डोळसुजी.

या बाई म्हणजे मास्तरांची भाची.

"सख्खी भाची!" मास्तर घरी म्हणाले. "खांद्यावर बसवून हिला पहिलं पाखरू मी दाखवलं. आणि रोगाला नाव दिलं कुणाच्या काठाचं? नकाशात दक्षिण दाखव म्हटलं की जो छताकडे बोट करायचा, त्याच्या!"

"तुमच्याकडे रोगच नाही, त्याला ती काय करेल?" मास्तरीणबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या.

"जन्मभर मी डोळ्यांत तेल घालून पाखरं बघितली..."

"त्यानंच बरे राहिले असतील त्यांचे डोळे."

लोकांना शेजाऱ्याच्या गाडीचा हेवा वाटतो, बंगल्याचा वाटतो, त्याच्या मुलाच्या मार्कांचा वाटतो. मास्तरांना पुवाचा वाटत होता. हे दुःख असं, की ते कुणाजवळ बोलून मोकळंही होता येत नाही. "माझी पाखरं आजारी पडत नाहीत हो," असं म्हणून रडणाऱ्याचे डोळे कोण पुसणार?

त्यात मास्तरीणबाई शिवत होत्या त्या पिशव्या दंतवैद्यासाठी होत्या.

एका पिशवीत एकच पाखरू, आणि ते सोडलं की पिशवी औषधाच्या पाण्यात धुवायची, असा नवा नियम भाचीनं घातला होता. म्हणजे पिशव्या भरपूर हव्यात. दंतवैद्य एक दिवस येऊन मास्तरीणबाईंना म्हणाला, "काकू, तुमच्या हातच्या द्याल का?" आणि काकूंनी दिवाणखान्याचा जुना पडदा, निळ्या फुलांचा, मास्तरांच्या देखत कापायला घेतला. मास्तरांच्या पिशव्या पूर्वी त्यांच्याच जुन्या पायजम्यांतून निघाल्या होत्या. त्या वेळी त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. माणसानं आपल्या पाखरांसाठी पायजमा दिला, यात एक त्याग होता. पण पडद्यापुढे पायजमा म्हणजे अगदीच पायजमा दिसू लागला.

पुढच्या आठवड्यात दंतवैद्य पिशव्यांचं कौतुक करायला आला. "काकू, काय शिवलंय! पाखरू आत गेलं की हूं नाही की चूं नाही. झोपलंय की काय, असं वाटतं."

"माझीही गप्पच असतात," मास्तर म्हणाले.

ते खोटं होतं. पायजम्याच्या पिशवीत पाखरं तडफड करत. विशेषतः आत्याबाई.

आत्याबाई ही मास्तरांची वटवट्या जातीची मादी. मादी हे मास्तरांनी स्वभावावरून ठरवलेलं. या जातीत वरून काही कळत नाही. बरीच वर्षं ती दर हंगामाला कुठल्या कुठल्या मुलखातून समुद्र ओलांडून यायची, नेमकी त्याच बोरूत उतरायची, तिथल्या सोयींबद्दल कुरकुर करायची, पोरं वाढवायची आणि न सांगता निघून जायची. म्हणून आत्याबाई. तिच्या पायातली कडी मास्तरांनीच घातलेली, आणि आता झिजून गुळगुळीत झालेली. पिशवीत घातली की ती असा थयथयाट करी, की पायजमा पुन्हा चालू लागलाय असं वाटावं.

तर, हूं नाही की चूं नाही, हे वाक्य मास्तरांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. त्यांच्या मते याचं कारण एकच असू शकत होतं : शिवण. पाखराचं नख दोऱ्यात अडकू नये म्हणून या पिशव्यांची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवतात. बायकोनं त्या पोराच्या पिशवीला आणखी काहीतरी केलं असणार. काय केलं, हे बायकोला विचारणं शक्य नव्हतं. विचारणं म्हणजे आपल्याला पडलेली आहे, हे कबूल करणं.

दरम्यान भाचीनं कडी घालणाऱ्या सगळ्या मंडळींची प्रयोगशाळेत सभा घेतली. नव्या पद्धती समजावून सांगायला फळ्यापाशी उभा राहिला दंतवैद्य. तो उभा राहताच मास्तर स्वच्छतागृह कुठे आहे ते बघायला गेले. ते सापडल्यावर आणखी एखादं आहे का, ते बघत राहिले. चहाच्या वेळी परत आले तेव्हा सभा संपली होती, आणि प्रयोगशाळेची इमारत मास्तरांना पाठ झाली होती.

पुढची घटना अगदी साधी. एका सकाळी मास्तर फिरत फिरत दक्षिण काठावर गेले. पाय वळले की वळवले, या तपशिलात आपण शिरू नये. दंतवैद्य आत रानात जाळ्यांपाशी होता. खोपटाच्या दाराबाहेर हुकावर एक पिशवी लटकत होती, निळ्या फुलांची. दाराबाहेर म्हणजे धुतलेली. ही पद्धत मुळात मास्तरांचीच : वापरलेल्या पिशव्या आत टोपलीत, धुतलेल्या बाहेर उन्हात. त्यांनीच ती या पोराला शिकवली होती. मास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि पिशवी खिशात घातली. ही चोरी नव्हती. शाळेत याला तपासणी म्हणत.

आपल्या खोपटात येऊन त्यांनी ती उजेडात धरली. दुहेरी शिवण! एकदा आतून घातलेली, मग उलटवून पुन्हा बाहेरून, आणि कोपऱ्यांवर टाका परत फिरवून पक्का केलेला. चाळीस वर्षांच्या संसारात पायजम्याला एकेरी टाका, आणि पडद्याला दुहेरी!

तेवढ्यात जाळ्यात कुरकुर ऐकू आली. आत्याबाई. या हंगामात पहिल्यांदाच.

मास्तरांना वाटलं, एकदा बघूच. आपली आत्याबाई काही त्याच्या पडद्याला भुलायची नाही. त्यांनी तिला निळ्या फुलांच्या पिशवीत घातलं, नाडी ओढली आणि पिशवी हुकाला अडकवून कान लावला.

हूं नाही. चूं नाही.

मास्तर बराच वेळ उभे राहिले. त्यांनी पिशवीला एक बोट लावून पाहिलं. आतून समाधानाची किंचित हालचाल झाली. घरचं माणूस शेजाऱ्याकडे पोट भरून जेवून आलेलं दिसावं, तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी तिला बाहेर काढलं, स्वॅब घेतला, डोळे बघितले. नेहमीसारखे स्वच्छ. "जा," ते म्हणाले. आणि ती जाताना कुरकुरलीसुद्धा नाही, हे त्यांना आणखी लागलं. पिशवी त्यांनी नकाशांच्या गुंडाळ्यांमागे कोंबली आणि त्या दिवशी पुढे जाळी लावली नाहीत.

काही दिवसांनी भाची घरी आली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "मामा, बसून घ्या. वाईट बातमी आहे. तुमच्या एका वटवट्याच्या स्वॅबमध्ये डोळसुजी निघाली."

"अरेरे," मास्तर म्हणाले.

असं 'अरेरे' सहसा इस्टेट वाटून घ्यायला जमलेल्या पुतण्यांच्या तोंडून ऐकू येतं.

"मामा, यात हसण्यासारखं काही नाही."

"मी कुठे हसतोय? माझी दाढ दुखतेय, त्यानं तोंड असं होतं. बरं, मला एवढंच सांग, आता त्या नावाचं काय?"

"कुठल्या नावाचं?"

"दक्षिणकाठची म्हणता येणार नाही ना? उत्तर काठावरही आहे ती आता. शास्त्राच्या दृष्टीनं चूक होईल."

भाचीनं मामीकडे पाहिलं. मामीनं छताकडे पाहिलं.

"नावाचं नंतर बघू," भाची म्हणाली. "आधी ऐका. जंतू अगदी तोच आहे, दक्षिण काठावरच्या आजारी पाखरात होता तो. म्हणजे रोगानं तळं ओलांडलंय. तुमची जाळी आजपासून बंद. तिकडची लक्ष ठेवायला चालू राहतील, कारण तिथे धुण्याची सोय नीट आहे. आणि हे पाखरू पुन्हा कुठेही सापडलं तरी सोडायचं नाही. प्रयोगशाळेत आणायचं."

"आणून?"

"आणून काय मामा, उघडून बघावं लागेल. रोग कुठवर उतरतो ते तसं नाही कळत."

"पण डोळे तर स्वच्छ होते तिचे."

"सुजायला वेळ लागतो. जुनी कडी आहे तिच्या पायात. कुठलं पाखरू ते?"

"वहीत बघून सांगतो," मास्तर म्हणाले. 'उघडून' हा शब्द त्यांच्या कानातून जात नव्हता. पण रोज हवं ते मागून न मिळालेल्या माणसाला ते मिळालं, की किंमत विचारायचं भान नसतं. संध्याकाळी फिरायला गेल्यावर त्यांनी भेटेल त्याला ही बातमी सांगितली. सांगताना ते मान हलवत, सुस्कारा सोडत आणि म्हणत, "काय करणार, शेवटी आमच्याकडेही निघालीच." मुलीचं परदेशातलं स्थळ ठरल्यावर लोक साधारण याच सुरात बोलतात.

दाढ मात्र खरोखरच दुखत होती. आणि गावात दंतवैद्य एकच.

खुर्ची मागे झुकली, डोळ्यांवर दिवा आला. "दुखणार नाही, सर," दंतवैद्य म्हणाला. हे तो प्रत्येकाला म्हणे, आणि ते इतक्या प्रेमळपणे म्हणे, की दुखल्यावर आपलंच काहीतरी चुकलं असं पेशंटला वाटे. सुई टोचून, तोंडात कापूस कोंबून त्यानं नळी लावली.

"तुमच्या काठावरचं कळलं, सर. फार वाईट वाटलं."

मास्तरांनी डोळे वळवून त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. हेव्याची एक रेघ? ओठाला जराशी मुरड? काही नाही. आपला रोग आता दुसऱ्याकडेही आहे, आणि याला त्याचं काहीच नाही! असला कोरडा आनंद घेऊन माणसानं करायचं तरी काय?

"आमच्याकडेही एक भानगड झालीय," दंतवैद्य दाढ कोरत बोलत राहिला. "एक पिशवी गेली. गेली तर गेली, पण नेमकी ती. सुजलेल्या डोळ्याचं दुसरं पाखरू सापडलं ना, त्याची. धुवायची राहिली होती, दाराबाहेर हुकावर अडकवलेली."

मास्तरांची भुवई हलली.

"हो, बाहेर. वापरलेल्या आता बाहेर ठेवायच्या, धुतलेल्या आत. तुमच्या पद्धतीच्या उलटं, सर. जंतू खोपटात शिरायला नकोत म्हणून. सभेत सांगितलं होतं मी. तुम्ही त्या वेळी... बाहेर होतात."

"आँ!" मास्तर म्हणाले.

"दुखलं का?"

"आँ आँ!"

"थांबा, थांबा, आणखी एक सुई देतो. हलू नका."

मास्तर हलले नाहीत. खुर्चीत उताणे पडून, तोंड उघडं ठेवून ते एकेक गोष्ट डोळ्यांसमोरून जाताना बघत राहिले. आजारी पाखराची पिशवी. त्या पिशवीत आत्याबाई, डोळे-चोच त्याच कापडाला लावून गपगुमान बसलेली. मग स्वॅब. जंतू तोच निघाला यात नवल कसलं? तो तळं ओलांडून आला होता, पण उडत नव्हे. खिशातून आला होता.

उत्तर काठावर रोग नव्हताच. असलाच, तर आता असेल, मास्तरांनी नेऊन घातलेला. आणि ज्या आत्याबाईनं एवढे समुद्र ओलांडून कधी डोळ्याला पाणी लागू दिलं नाही, ती सापडली की भाची तिला उघडून बघणार.

घरी जाताना त्यांनी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? सेवानिवृत्त शिक्षकानं, विद्यार्थ्याच्या दारावरून, बायकोच्या हातची पिशवी, शिवण बघायला... कुठल्याही टोकानं धरलं तरी वाक्य हातात येत नव्हतं. न सांगितलं तर? पाखरू सापडेलच असं कुठे आहे? वारा आला, पिशवी उडाली, जगात काय काय उडतं. असा विचार करत ते दारात आले तर भाची आणि मास्तरीणबाई चहा घेत बसलेल्या.

"या मामा," भाची म्हणाली. "तुमचं ऐकलं मी. निबंध पाठवायचाय, त्यात नाव बदललं. दक्षिणोत्तर डोळसुजी. झालं समाधान?"

ज्या क्षणाची हंगामभर वाट पाहिली तो असा समोर चहा पीत बसला होता, आणि मास्तरांचा अर्धा चेहरा सुईनं बधिर असल्यामुळे नीट हसताही येत नव्हतं. दक्षिणोत्तर. कानाला किती भारदस्त. जगातल्या नकाशांत अशा रेषा असतात.

"आणि ते कडीवालं पाखरू," भाची पुढे म्हणाली, "तिकडे सांगून ठेवलंय, दिसलं की लगेच..."

मास्तर आत गेले. नकाशांच्या गुंडाळ्या पडल्याचा आवाज झाला. बाहेर येऊन त्यांनी निळ्या फुलांची पिशवी टेबलावर ठेवली.

"हिच्यात होती ती," बधिर ओठांनी ते शक्य तितकं स्पष्ट म्हणाले. "स्वॅबच्या आधी. ही त्याच्या दारावरून मी आणली. मला वाटलं धुतलेली आहे."

भाची किंचाळून उभी राहिली. "हात लावू नका! मामी, बशी उचला! मामा, हात धुवा, आधी हात धुवा!" आणि चिमटा, प्लॅस्टिकची पिशवी, साबण अशी बरीच धावाधाव झाली. त्यात मास्तरीणबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्या पिशवीकडे बघत होत्या.

"माझा पडदा," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "चोरायचीच होती, तर धुतलेली तरी चोरायची."

"चोरली नाही. शिवण बघायला आणली."

"कसली शिवण?"

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. "दुहेरी आहे," ते म्हणाले. "त्याची."

भाचीनं तोंड फिरवलं, कारण मामाच्या गंभीर प्रसंगी भाचीनं हसू नये असा संकेत आहे.

"अहो, पडद्याचं कापड विरविरीत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दुहेरी नाही घातली तर धाग्याधाग्यानं सुटतं. तुमच्या पायजम्याचं कापड जाड. एका टाक्यात बसतं. कापडाचं सांगतेय मी."

"कळलं."

"आणि त्याला जाऊन हे तुम्हीच सांगायचं. मी नाही, ही नाही."

भाचीनं निबंध पुढे ओढून 'दक्षिणोत्तर'वर काट मारली. मग पेन हातातच ठेवून म्हणाली, "एक मात्र आहे, मामा. पिशवीतून हा जंतू एका पाखराचा दुसऱ्याच्या चोचीवर जातो, अशी आम्हाला नुसती शंका होती. ते दाखवलंत तुम्ही. उत्तर काठाचं नाव घालावंच लागेल. चुका आणि खबरदारी, या भागात."

मास्तरांनी विचार केला. "त्या भागात त्याचं नाव आहे?"

"कुणाचं? नाही."

"मग घाल."

दुसऱ्या दिवशी मास्तर दक्षिण काठावर गेले, या वेळी पाय स्वतः वळवून. दंतवैद्य बादलीत पिशव्या धूत होता. मास्तरांनी घसा साफ केला.

"पिशवी मी नेली होती."

"हो, सर," दंतवैद्य पिळता पिळता म्हणाला.

"हो म्हणजे? तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं. शाळेत खडू गेला की तुम्ही काय करायचात? कुणाला विचारायचा नाहीत. वर्गाकडे बघून नुसतं म्हणायचात, 'खडू गेला', आणि कोण खोकतो ते बघायचात. दिवसभर आलेल्या प्रत्येक पेशंटला मी सांगत होतो, पिशवी गेली. तुम्ही 'आँ' केलंत."

काही म्हटलं तरी शिकवणी मास्तरांचीच होती.

"मग कळलं होतं, तर दुसरी सुई कशाला टोचलीस?"

"ती पिशवीबद्दल, सर."

मास्तरांनी बाही वर केली आणि बादलीपाशी बसले. त्यानंतर रोज ते तिथे पिशव्या धुवायला जात. धुतलेल्या आत, वापरलेल्या बाहेर. दोनदा हात चुकीच्या हुकाकडे गेला आणि दोन्हीदा त्यांनी स्वतःच्याच हातावर चापट मारली. कान मात्र सतत जाळ्यांकडे. आत्याबाई कुठे सापडू नये असं त्यांना वाटे, आणि लगेच वाटे, सापडावी. नाहीतर त्या बोरूत कुठेतरी डोळे मिटून, उपाशी... पुढचा विचार ते पिळून टाकत.

ती सापडली ती नेमकी मास्तर सर्दीनं घरी पडलेले असताना, आणि सापडली दक्षिण काठावर. भाचीनं तिला लगेच उघडलं नाही. जंतू पिशवीतून आला हे कळल्यावर तसं कारण उरलं नव्हतं. पिंजऱ्यात ठेवून, स्वॅब पुन्हा पुन्हा घेऊन तिनं वाट पाहिली. त्या दिवसांत मास्तरांनी कुणाशी भांडण काढलं नाही. मास्तरीणबाईंनी दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

शेवटी एका सकाळी भाची आणि दंतवैद्य झाकलेला पिंजरा घेऊन उत्तर काठावरच्या खोपटात आले. "स्वच्छ," भाची म्हणाली. "एकदाही काही निघालं नाही. नुसता तोंडाला लागला होता जंतू, रुजला नाही. नशीब समजा, मामा."

मास्तरांनी आत्याबाईला हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला. एक डोळा बघितला. काळाभोर, टपोरा. फिरवून दुसरा बघितला. मग पुन्हा पहिला बघितला, कारण मधल्या काळात काही झालं असलं तर. आत्याबाईनं त्यांच्या अंगठ्याला कडकडून चोच मारली.

"जा," मास्तर म्हणाले. हा 'जा' शाळेच्या शेवटच्या दिवसाचा होता. ती बोरूत शिरली आणि तिथूनच तक्रारी सुरू झालेल्या ऐकू आल्या. भाची पिंजरा धुवायला पाण्याकडे गेली.

मास्तर थोडा वेळ बोरूकडे बघत राहिले. मग सहज विचारावं तसं म्हणाले, "तुझ्या काठावर काय करत होती ती?"

"वाट चुकली असेल, सर."

"हं." मास्तरांनी चष्मा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. "आणि... पिशवीत घातलीस तेव्हा? निळ्या फुलांच्या? गप्प बसली असेल."

दंतवैद्यानं त्यांच्याकडे पाहिलं. खुर्चीत बसलेल्या, हात घट्ट आवळलेल्या माणसाकडे तो रोज असंच पाहत असे.

"छे, सर," तो अतिशय प्रेमळपणे म्हणाला. "काय थयथयाट केला म्हणून सांगू! पिशवी फाडते की काय, असं वाटलं."

घरी गेल्यावर मास्तरांनी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवून, वर आणखी थोडं मागून घेतलं.